भांगेचे बी आणि भांगेचे पान

भांगेच्या झाडाचे चार भाग माणसाच्या उपयोगी पडत आले आहेत : खोडाचा धागा, बी, पान आणि मादी झाडाचा फुलोरा. धागा दोर वळायला आणि जाडेभरडे कापड विणायला जातो. उरलेले तिन्ही भाग स्वयंपाकघरात येतात. पण त्यांचे गुण इतके वेगळे आहेत की एकाच नावाखाली त्यांच्याविषयी बोलले की गोंधळ ठरलेलाच. बी हे तीळ-जवसासारखे धान्य आहे. पान सौम्य अंमल आणणारे आहे. फुलोरा, म्हणजे गांजा, तीव्र अंमल आणणारा आहे आणि भारतात तो बाळगणेही गुन्हा आहे. घरात भांग शिजवण्याविषयी ज्याला काही जाणून घ्यायचे आहे त्याने आधी हातात नेमका कोणता भाग आहे हे पाहावे. कृती, प्रमाण, धोका आणि कायदा, सगळे त्यावरून ठरते.

या झाडात नर आणि मादी रोपे वेगळी असतात. मादीच्या फुलोऱ्यावर, विशेषतः फुलाला वेढणाऱ्या छोट्या पानांवर, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा केसाळ ग्रंथी असतात. त्यांतून चिकट राळ पाझरते. अंमल आणणारे सारे काही या राळेत असते. मोठ्या पानांवर अशा ग्रंथी विरळ असतात, म्हणून पानाचा अंमल कमी. बीच्या आत त्या नसतातच. बियांच्या सालीला राळेचा अंश चिकटलेला असू शकतो. धुऊन-पाखडून घेतलेल्या बियांत तो नगण्य उरतो. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी बियांची चटणी खाल्ली तरी कुणाला भांग चढत नाही, याचे कारण एवढेच आहे.

पहाडातले बी

बियांची खरी पाककला पाहायची तर उत्तराखंडात, त्यातही कुमाऊँमध्ये पाहावी. तिथे भांगेच्या बियांना नशेशी कुणी जोडत नाही. हिवाळ्यात साठवणीच्या डब्यात जसे तीळ, तशी ती असतात. भाजून, वाटून, मीठ-मिरची आणि पहाडी लिंबाचा रस घालून केलेली चटणी हा त्यांचा सर्वांत ओळखीचा पदार्थ. ‘आलू के गुटके’, म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या मसालेदार फोडी, या चटणीशिवाय अपुऱ्या मानल्या जातात. मडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी असेल तर तिच्याबरोबरही हीच चटणी.

दुसरा पदार्थ म्हणजे सानलेले लिंबू. पहाडातले मोठे, जाड सालीचे लिंबू सोलून त्याच्या फोडी करतात. त्यांत दही, मुळ्याचे काप, गूळ, मीठ, मिरची आणि भाजून वाटलेले भांगेचे बी घालून सगळे हाताने कालवतात. थंडीत दुपारच्या उन्हात अंगणात किंवा गच्चीवर बसून बायका-मुले ते एकत्र खातात. आंबट, गोड, तिखट आणि बियांचा खमंग तेलकटपणा असा हा मेळ आहे. त्यातले बी काढून टाकले तर उरते ती साधी कोशिंबीर.

तिसरा वापर बाहेरच्यांना कमी माहीत आहे. बी पाण्यात वाटून कापडातून गाळतात आणि निघालेले पांढरट दूध गडेरीच्या (अळकुड्यांच्या जातीच्या कंदाच्या) रस्सा भाजीत किंवा पालेभाजीत घालतात. रस्सा त्याने दाट होतो आणि कंदाचा खाजरेपणा झाकला जातो. कोकणात नारळाचे दूध जे काम करते ते इथे हे दूध करते. नारळ न पिकणाऱ्या उंचीवरच्या लोकांनी आपल्या बांधावरच्या झाडातून तो स्निग्धपणा काढला, ही अन्नपरंपरेतली मोठी शहाणपणाची गोष्ट आहे आणि तिची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

इथे एक खबरदारी. पहाडी बाजारात ‘भंगजीर’ किंवा ‘भंगीरा’ नावाचे बीही मिळते. त्याचीही चटणी होते, पण ते पुदिना-तुळशीच्या कुळातल्या वेगळ्याच झाडाचे बी आहे. नावातल्या साम्यामुळे दुकानदारही घोटाळा करतात. भांगेचे बी गोलसर, करड्या-हिरव्या रंगाचे, अंगावर बारीक नक्षी असलेले आणि मिरीपेक्षा थोडे लहान असते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने चटणीपासून करावी. अर्धी वाटी बी निवडून, धुऊन, कापडावर पूर्ण वाळवून घ्यावे. जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर कोरडेच भाजावे. चारपाच मिनिटांत ते तडतडू लागते आणि शेंगदाण्याच्या जवळ जाणारा खमंग वास सुटतो. तिथेच थांबावे. आणखी भाजले की तेल जळते आणि चटणी कडू होते. त्याच कढईत एक चमचा जिरे आणि तीनचार सुक्या लाल मिरच्या परताव्यात. सगळे गार झाल्यावर आधी कोरडे वाटावे, मग मीठ, मूठभर पुदिना किंवा कोथिंबीर आणि थोडे पाणी घालून पुन्हा बारीक वाटावे. लिंबाचा रस शेवटी घालावा. दोन मध्यम लिंबे लागतात. पहाडी लिंबू नसेल तर साधे लिंबू चालते, चिंच मात्र घालू नये. तिचा गडद आंबटपणा बियांची चव मारतो.

अडचण येते ती सालीची. बियांचे कवच कठीण असते आणि मिक्सरमध्ये ते नीट मोडले नाही तर चटणी दाताखाली कचकच करते. पाट्यावर वरवंट्याने वाटले तर ही तक्रार राहत नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर कोरडी पूड चाळून घ्यावी किंवा ओली चटणी गाळणीतून दाबून काढावी. आजकाल सोललेले बीही पाकिटात मिळते. ते मऊ असते, गाळावे लागत नाही. पण चव सौम्य, कारण खमंगपणाचा बराचसा वाटा भाजलेल्या कवचाचा असतो. सोललेले बी भाजायचे तर अगदी मंद आचेवर, रंग बदलायच्या आत उतरवावे.

पोषणाच्या दृष्टीने हे बी भक्कम आहे. वजनाच्या साधारण चौथा हिस्सा प्रथिने आणि तिसरा हिस्सा तेल. प्रथिनांत मुख्य वाटा एडेस्टिन नावाच्या प्रथिनाचा आणि पचायला ती हलकी असतात. तेलात लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन्ही मेदाम्ले साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. शरीर ही आम्ले स्वतः तयार करू शकत नाही. याच मेदाम्लांमुळे तेल लवकर खवट होते. बियांचे तेल तळणीसाठी किंवा फोडणीसाठी वापरू नये. कोशिंबिरीवर, भातावर कच्चेच घालावे आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. दळलेली पूडही आठवड्याच्या गरजेपुरतीच करावी.

भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१मध्ये भांगेचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता देणारी मानके काढली. अंमल आणणारे मुख्य द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (पुढे टीएचसी), बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि तेलात किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे अशी अट त्यात आहे. त्यामुळे परवाना क्रमांक छापलेले पाकीट महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात घरपोच मागवता येते. पक्ष्यांच्या खाद्यात मिसळलेले बी मात्र माणसाच्या खाण्यासाठी साफ केलेले नसते. ते वापरू नये.

पान : गाळलेली भांग

पानाची परंपरा गंगेच्या काठची आहे. बनारसमध्ये महाशिवरात्र आणि होळीला भांगेची ठंडाई हा प्रसादही असतो आणि उत्सवही. उत्तर प्रदेशात परवानाधारक भांगेची दुकाने आहेत, तशीच मध्य प्रदेशात आणि राजस्थानातही. जैसलमेरच्या किल्ल्यापाशी असलेले दुकान परदेशी प्रवाशांनाही ठाऊक आहे. महाराष्ट्रात होळी-रंगपंचमीला जी ठंडाई घरोघर होते ती बहुतेक बिनभांगेची, केवळ बदाम-बडीशेपेची.

रीत अशी : वाळलेली पाने भिजत घालतात, मग पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. पहिले पाणी गडद तपकिरी-हिरवे निघते. ते निवळ येईपर्यंत धुणे चालू ठेवतात. मग पाने काळ्या मिरीबरोबर पाट्यावर वाटतात. हे वाटण तासभरही चालते आणि त्याचा लोण्यासारखा गोळा झाला की भांग घोटली गेली असे समजतात. वेगळ्या वाटणात बदाम, बडीशेप, खसखस, मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), वेलची आणि गुलाबपाकळ्या असतात. दोन्ही दुधात कालवून, साखर घालून, ‘साफी’ नावाच्या कापडातून गाळतात.

या रीतीतली प्रत्येक पायरी रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरते. राळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे कितीही धुतले तरी अंमल वाहून जात नाही. जाते ती धूळ, कडवटपणा आणि घशाला झोंबणारी द्रव्ये. राळ स्निग्ध पदार्थात चांगली विरघळते, म्हणून दूध आणि बदाम. वाटण जितके बारीक, तितकी राळ दुधातल्या मेदात मिसळते आणि प्रत्येक पेल्यात सारखी वाटली जाते. शेवटची गोष्ट चवीपेक्षा सुरक्षिततेची आहे. नीट न घोटलेल्या भांगेत एखाद्याच्या पेल्यात निव्वळ दूध येते आणि दुसऱ्याच्या पेल्यात तळाचा सगळा गाळ.

पानाला दुसरी वाट तुपाची. तिचे सर्वांत नेमके जुने वर्णन कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९मध्ये केले. शहरात भांगेच्या शौकिनांचा प्रसिद्ध अड्डा चालवणाऱ्या अमीर नावाच्या माणसाकडून त्यांनी माजूमची, म्हणजे भांगेच्या गोड वड्यांची, कृती उतरवून घेतली. भांग आणि तूप समभाग घेऊन त्यांत पाणी घालून कोळशाच्या आचेवर ढवळत राहायचे. पाणी आटले की तूप भांड्याच्या कडेला चुरचुरते. ती खूण पटताच भांडे उतरवून मिश्रण गरम असतानाच कापडातून पिळायचे. हिरवे तूप थिजले की ते स्वच्छ पाण्याने, पाणी रंगायचे थांबेपर्यंत, हाताने धुवायचे. मग साखरेच्या पाकात दूध घालून मळी काढायची आणि त्यात हे तूप मिसळून वड्या पाडायच्या.

यात पाण्याची योजना विलक्षण चतुर आहे. भांड्यात पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या आसपासच राहते. पाने जळत नाहीत आणि राळ सावकाश तुपात उतरते. पाणी संपताच उष्णता झपाट्याने चढते, आणि नेमक्या त्याच क्षणी तुपाचा आवाज आचाऱ्याला सावध करतो. तापमापकाशिवाय तापमान सांभाळण्याची ही युक्ती आज परदेशातल्या पाककृतींच्या पुस्तकांत ‘भांगेचे लोणी’ करताना जशीच्या तशी सांगितलेली असते. कलकत्त्याच्या अमीरचे नाव त्यांतल्या बहुतेकांत नसते.

भांगेच्या खाण्याविषयी त्याहून जुनी एक नोंद गोव्यातून आली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४मध्ये भारतात आला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्यात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. पानांच्या चूर्णात सुपारी, जायफळ, लवंग, कापूर, कस्तुरी असे काय काय मिसळतात हे तो सांगतो. गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तानला रातोरात जायचे मनात आले की थोडी भांग खात असे, ही हकिकतही त्यानेच नोंदवली आहे. आयुर्वेदात शार्ङ्गधरसंहितेने भांग आणि अफू यांची गणना ‘व्यवायी’ द्रव्यांत केली आहे. आधी सर्व शरीरात पसरणारे आणि मागाहून पचणारे, असा त्याचा अर्थ.

उष्णता, मेद आणि यकृत

ताज्या झाडात टीएचसी जवळजवळ नसते. तिथे असते तिचे आम्लरूप, ज्याचा अंमल होत नाही. उष्णता मिळाली की या आम्लाच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरते. चिलमीत हे क्षणात घडते. स्वयंपाकात ते घडवून आणावे लागते. साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसला अर्ध्या-पाऊण तासात बरेचसे रूपांतर होते. त्याहून फार तापवले तर तयार झालेली टीएचसीही नष्ट होऊ लागते. नुसत्या साठवणीतही, उन्हात वाळताना, हे रूपांतर हळूहळू होत असते. थंड ठंडाईतली भांग चढते ती त्यामुळे, आणि ती तुपातल्या माजूमपेक्षा सौम्य का असते याचे एक कारणही हेच : तिच्यातला बराच भाग आम्लरूपातच राहतो. टीएचसीचा रेणू इस्रायलमधल्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४मध्ये शुद्ध रूपात वेगळा केला. तोवर या वनस्पतीत नेमके काय चढते हे कुणालाच सांगता येत नव्हते.

खाल्लेल्या भांगेचा शरीरातला प्रवास ओढलेल्या गांजापेक्षा अगदी निराळा आहे आणि घरगुती स्वयंपाकातले बहुतेक अपघात या एका फरकातून घडतात. धुरातली टीएचसी फुप्फुसांतून मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. पोटात गेलेली आधी आतड्यांतून यकृतात जाते. यकृत तिचा मोठा भाग नष्ट करते. रक्तात पोहोचते ती साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. पण हे करतानाच यकृत ११-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाचे द्रव्य बनवते, जे मेंदूत सहज शिरते आणि मूळ द्रव्याइतकेच किंवा त्याहून तीव्र असते. अंमल सुरू व्हायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तो शिगेला पोहोचतो दोन ते चार तासांनी आणि उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. पोट रिकामे आहे की भरलेले, जेवणात तूप-तेल किती, माणसाचे यकृत कसे, यावर हे आकडे सरकतात.

आता नवख्या माणसाचे काय होते ते पाहावे. तो एक पेला पितो. तासभर काहीच होत नाही. भांग कच्ची होती असे म्हणून तो दुसरा घेतो. पहिल्याचा अंमल चढू लागतो तेव्हा दुसरा नुकता आतड्यांत पोहोचलेला असतो आणि तो परत काढता येत नाही. बनारसमध्ये नवख्याला थोडी देऊन बसवून ठेवतात, पुन्हा मागितली तरी देत नाहीत. हा जुन्या लोकांचा अनुभव औषधशास्त्राशी तंतोतंत जुळतो. सणाची घाई आणि मित्रांचा आग्रह यांत हीच मर्यादा आधी सुटते.

परदेशात जिथे हे खाद्य कायद्याने विकले जाते तिथेही पहिला धडा हाच मिळाला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१४मध्ये विक्री सुरू झाली. अनेक तुकड्यांत वाटून खायचे चॉकलेट लोकांनी एका बैठकीत खाल्ले. त्यानंतर एका भागात १० मिलिग्रॅम टीएचसी हे प्रमाण, प्रत्येक तुकड्यावर खूण आणि मुलांना न उघडता येणारे वेष्टन असे नियम कडक झाले. कॅनडाने खाद्यपदार्थांना २०१९मध्ये परवानगी देताना एका पूर्ण पाकिटालाच १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि हा नियम जास्त शहाणपणाचा वाटतो. कारण अर्धवट खाऊन ठेवलेले पाकीट सावधपणे मोजून खाण्याची अपेक्षा भुकेल्या माणसाकडून ठेवणे बरोबर नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याला तिथे अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात आणि पूर्ण अंमल कळेपर्यंत पुन्हा घेऊ नये असे बजावतात.

कॅनडात बहुतेक प्रांतांत प्रौढांना घरी चार रोपे लावण्याची आणि त्यातून घरी खाद्य करण्याची मुभा आहे. टोरांटो-व्हँकुव्हरकडच्या मराठी कुटुंबांसाठी घरी भांग शिजवण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ ऐकीव राहिलेला नाही. त्यांच्यासाठी हिशेब असा. एक ग्रॅम फुलोऱ्यावर १५ टक्के लिहिलेले असेल तर त्यात सुमारे १५० मिलिग्रॅम आम्लरूप. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर त्याचे वजन ०.८७७ पट होते, म्हणजे १३० मिलिग्रॅमच्या आसपास. लोण्यात यातले निम्मे उतरले तर ६५, दोन-तृतीयांश उतरले तर ८७. त्या लोण्याच्या १६ वड्या केल्या तर प्रत्येकीत ४ ते साडेपाच मिलिग्रॅम, तेही मिश्रण पूर्ण एकजीव झाले तरच. घरच्या चमच्याने ढवळलेल्या मिश्रणात एका वडीत दोन आणि शेजारच्या वडीत दहा निघणे अगदी शक्य आहे. फुलोऱ्यावरचा आकडाही घरच्या झाडाला लागू नसतो. अचूकतेचा दावा घरातल्या कुठल्याही स्वयंपाकघराने करू नये.

वडीचा आकार लहान ठेवणे, लोणी पातळ करून पिठात बराच वेळ घोटणे, डब्यावर तारीख आणि प्रमाण लिहून तो कुलपात ठेवणे, आणि त्याच प्रकारची बिनभांगेची वडी त्या दिवशी घरात न करणे, एवढे तरी पाळावेच. खाद्यरूपातल्या भांगेचा सर्वांत मोठा धोका तिच्या गोड चवीत आहे. लहान मूल अनोळखी पान तोंडात घालणार नाही, पण बर्फी, केक आणि गोळ्या तेच आधी उचलते. प्रौढ माणूस ज्या प्रमाणाने नुसता गुंगेल त्याने दोन-तीन वर्षांचे मूल बेशुद्ध पडू शकते, त्याचा श्वास मंदावू शकतो. अशा वेळी थांबून पाहू नये. सरळ रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते न लपवता सांगावे. भीतीने किंवा लाजेने दडवलेली माहिती डॉक्टरांना मेंदूज्वर किंवा झटक्यांच्या तपासण्यांत गुंतवते आणि वेळ जातो.

प्रौढांत जास्त झालेल्या भांगेने छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, वेळ थांबल्यासारखा वाटतो, कधी भयंकर भीती दाटते, भास होतात, उलट्या होतात. अफूजन्य द्रव्यांसारखा ती श्वास सहसा बंद पाडत नाही, पण हृदयविकार असलेल्याला ती धोक्याची आहे. उताऱ्यासाठी लिंबू, ताक, तूप, चिंचेचे पाणी देण्याची पद्धत आहे. शुद्धीत असलेल्या माणसाला लिंबूपाण्याने बरे वाटेल, पण रक्तातली टीएचसी त्याने कमी होत नाही. तिच्यावर उतारा देणारे औषध उपलब्ध नाही. वेळ हाच उपाय. माणसाला शांत, अर्धवट उजेडाच्या खोलीत एका कुशीवर झोपवावे, कुणीतरी जवळ बसावे, हे उतरणार आहे असे सांगत राहावे. तो जागा होत नसेल, छातीत दुखत असेल किंवा झटके येत असतील तर १०८ला फोन करावा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाहन चालवू नये. दारूबरोबर भांग घेतली तर दोन्हींचा अंमल एकमेकांना वाढवतो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, पंचविशीच्या आतल्या तरुणांनी, स्वतःला किंवा घरात कुणाला सायकोसिसचा (वास्तवाचे भान सुटण्याचा) आजार झालेला असेल त्यांनी ती मुळीच घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसारख्या औषधांबरोबरही ती घेऊ नये.

बाजारातल्या तयार गोळ्यांचा आणि रस्त्यावरच्या ठंडाईचा आणखी एक धोका म्हणजे भेसळ. भांग कडक करायला धोतऱ्याचे बी मिसळण्याची वाईट चाल जुनी आहे. धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही विषे आहेत. बाहुल्या मोठ्या होणे, अंग तापणे, त्वचा कोरडी लाल होणे, लघवी अडणे आणि बरळणे ही त्यांची लक्षणे. ती दिसली तर भांगेचा अंमल समजून थांबता येणार नाही, विषबाधा समजूनच उपचार व्हायला हवेत. तांब्याचे नाणे घालून भांग घोटण्याची पद्धतही तितकीच घातक आहे.

कायद्याची रेघ

ब्रिटिश सरकारने १८९३मध्ये नेमलेल्या हेंप ड्रग्ज आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. माफक सेवनाने व्यवहारात विशेष हानी होत नाही असा निष्कर्ष काढून त्याने सरसकट बंदीला विरोध केला. भांग शिवपूजेशी आणि सणांशी कशी बांधलेली आहे याचीही दखल त्याने घेतली. १९६१च्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करारात पानांना व्याख्येबाहेर ठेवले गेले. भारताच्या १९८५च्या अमली औषधी द्रव्ये आणि मनःप्रभावी पदार्थ कायद्यातही तीच रेघ आहे. त्या कायद्यात चरस (झाडापासून वेगळी काढलेली राळ) आणि फुलोरा म्हणजे ‘कॅनाबिस’. फुलोऱ्याबरोबर नसलेले बी आणि पान त्यातून वगळलेले आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२मध्ये एका जामीन अर्जावर निकाल देताना भांग या कायद्याखाली येत नसल्याचे म्हटले.

पण वगळले म्हणजे मोकळे सोडले असे नाही. पानांचे नियमन राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय भांग करणे, बाळगणे आणि विकणे गुन्हा आहे. बनारसहून आणलेला गोळा इथे होळीला काढणारा माणूस तिथे कायद्यात असतो आणि इथे नसतो. उत्तराखंडाने २०१८मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीचे परवाने द्यायला सुरुवात केली. त्या वाणात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असावी लागते. बाजारातले कायदेशीर बी अशाच लागवडीतून यावे हा त्यामागचा हेतू.

फुलोऱ्याचे तूप, लोणी किंवा केक भारतात कुठेही घरी करता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत गांजाचे मिश्रण आणि त्यापासून केलेले पेयही येते. अमली पदार्थ इतर पदार्थात मिसळलेला असेल तर वजन करताना संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात २०२०मध्ये दिला. गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत असली तरी तेवढ्यालाही एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. टोरांटोत दुकानातून पावतीसह घेतलेल्या गोळ्या सामानात टाकून मुंबईला उतरणारा प्रवासी कॅनडातून निघताना तिथला निर्यातबंदीचा नियम मोडतो आणि विमानतळावर पाऊल ठेवताच इथला आयातीचा. थायलंडहून येणाऱ्या प्रवाशांकडून गांजा पकडल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत मुंबई विमानतळावरून वारंवार आल्या आहेत. सामानात काय आहे हे ठाऊक नव्हते असे म्हणणे अशा खटल्यात पुरत नाही. ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच येतो.